आसगावचा चंद्र

"बंद हाय," लिलाधर वर पाहून म्हणाला, आणि भुपेंद्रनं चपला काढून खांबाला पाय लावला.

आसगावच्या तलावाच्या पाळीखाली तो खांब उभा होता. पायथ्याचं लोखंडी हँडल खाली ओढलं की वरची तीन पाती उघडतात आणि पुढची लाईन मरते. हँडल ओढायचं, मान वर करून तिन्ही पाती उघडली का ते पाहायचं, आणि मगच माणूस वर पाठवायचा. लिलाधर लाइनमनची सगळी नोकरी या एका मान वर करण्यात गेली होती. पलीकडे उन्हाळी धानाचे परहे, म्हणजे रोपं, टाकून बसलेल्या शेतकऱ्यांना मोटारी सुरू व्हायची घाई होती. त्यांतला एकेक जण शेताच्या धुऱ्यावरून येऊन 'झालं का भाऊ' विचारून जात होता आणि लिलाधर प्रत्येकाला 'झालंच' म्हणत होता.

"थांब रे," तो भुपेंद्रला म्हणाला. "आधी दांडा लाव."

भुपेंद्रच्या ते जिवावर आलं. अर्थिंगचा दांडा तारेला लावायचा म्हणजे तारेत काही उरलंसुरलं असेल तर ते माणसाच्या अंगात न शिरता मातीत जातं. पण लिलाधरभाऊंनी बंद म्हटल्यावर दांडा कशाला, असा त्याचा सरळ हिशेब होता, आणि तो एकट्या त्याचाच नव्हता. लिलाधरच्या हाताखालून गेलेली सगळी पोरं तसंच मानत आली होती. लिलाधरलाही काही शंका आली होती असं नाही. जेवायला बसण्याआधी हात धुवावेत तसं ते तोंडातून निघून गेलं होतं. भुपेंद्रनं खांबावरून पाय काढला, दांड्याची तार जमिनीत रोवलेल्या खुंट्याला बांधली आणि लांबूनच दांडा वर टेकवला.

असा आवाज झाला की पाळीवरचे बगळे एकदम उडाले. निळा जाळ झाला, जळका वास सुटला आणि सबस्टेशनवरून निघणारी सगळी लाईन, सगळा फीडर उडाला. दांडा एकीकडे पडला होता, भुपेंद्र दुसरीकडे चिखलात बसला होता. त्याला काही झालं नव्हतं. तो आपले दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहत होता.

"भाऊ, तिसरं पातं अडकून हाय," वर पाहत तो म्हणाला. "तुमाले दिसलं नाई का?"

"उन्हात चमकलं असन," लिलाधर म्हणाला.

ऊन तर पाठीमागं होतं. भुपेंद्रच्या ते लक्षात आलं नाही. तो उठला, कपडे झटकले आणि वाचलो म्हणून हसायला लागला. चंदाचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, दिवस भरत आले होते, तिला यातलं काही सांगू नका एवढंच त्यानं वरचेवर बजावलं. सबस्टेशनवरून फोन आला तेव्हा लिलाधरनं फांदी घासली म्हणून सांगितलं.

लिलाधरच्या डोळ्यांपुढं काळा डाग वगैरे काही नव्हता. डाग असता तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला शांतपणे समजावून सांगितलं होतं. काचबिंदूत नजरेचा तुकडा जातो, पण गेलेल्या जागी अंधार दिसत नाही. आजूबाजूला जे असेल त्याचंच ठिगळ मन तिथं लावून टाकतं. भिंत असेल तर भिंतीचं, आभाळ असेल तर आभाळाचं. पातं जिथं होतं तिथं लिलाधरला आभाळ दिसलं होतं, आणि दोन टोकांमध्ये आभाळ दिसलं म्हणजे पातं उघडलं, हे तर तो इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवत आला होता.

गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, थेंब चुकवू नका, खांबाचं काम सोडा आणि ऑफिसात सांगून टाका, असं बाई म्हणाल्या होत्या. यातलं थेंबांचं तेवढं त्यानं ऐकलं. बाटली तो हत्यारांच्या पिशवीत, फ्यूजतारेच्या गुंडाळीखाली ठेवत असे. घरी बायकोला, धुरपताला सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढला. आणि खांबाचं काम सोडून करायचं काय? आसगावात आणि आसपासच्या खेड्यांत त्याचं आडनाव कुणाला माहीत नव्हतं. लग्नाच्या पत्रिकासुद्धा 'लिलाधर लाइनमन' अशा येत. लाईट गेली की लोक पहिल्यांदा त्याचं नाव घेत आणि दुसऱ्यांदा देवाचं. त्याचं नाव शिवी घालून घेत ही गोष्ट वेगळी, पण घेत.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा पोरगी ओसरीवर बसली होती. रिंकू नागपूरला एमएस्सीला होती, सणावाराशिवाय यायची नाही. आज गोधडीत गुंडाळलेली लांबट वस्तू मांडीवर घेऊन बसली होती, आणि धुरपता त्या वस्तूकडे तान्ह्या बाळाकडे पाहावं तशी पाहत होती. दुर्बीण होती ती.

रिंकूचं म्हणणं असं होतं. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असंख्य दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यातला एक दगड भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत पसरेल एवढा मोठा, पण कोळशाहून काळा. उजेड पडला तरी जवळपास सगळा गिळून बसतो. त्यामुळे मोठमोठ्या दुर्बिणींनाही तो मळकट ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही, आणि त्याचा आकार कुणाला ठाऊक नाही. उद्या संध्याकाळी हा दगड एका ताऱ्याच्या आड येणार होता आणि त्याची सावली नेमकी आपल्या जिल्ह्यावरून जाणार होती. सिहोऱ्यापासून पवनीपर्यंत ठिकठिकाणी माणसं बसवायची. तारा कधी विझला आणि कधी पुन्हा लागला ते प्रत्येकानं आपापल्या जागेवरून टिपायचं. मग सगळ्यांच्या वेळा एकाखाली एक मांडल्या की त्या न दिसणाऱ्या दगडाचा आकार कागदावर उतरतो.

"दिसत नाई तं हाय कायले म्हनता?" धुरपतानं विचारलं.

"आड येते म्हनून, आई. तारा झाकते म्हनून समजते."

आसगावला बसणारी मैत्रीण तापानं झोपली होती. रिंकू स्वतः सिहोऱ्याला जाणार होती. आसगाव रिकामं ठेवलं तर आकाराला मधोमध भगदाड पडलं असतं, आणि हे सगळं तिच्या प्रकल्पाचं काम होतं. सरांनी तिच्यावर सोपवलेलं पहिलं मोठं काम. लिलाधरनं तलावावर मासे धरणाऱ्या इतवारीचं नाव सुचवलं, शाळेच्या मास्तरांचं सुचवलं. रिंकू हसली. जनमभर वर पाहण्याचा पगार घेतला तुम्ही, म्हणाली, तुमच्यापेक्षा वर पाहायची सवय कोणाला आहे?

नाही म्हणायला कारण लागतं. त्याच्यापाशी एकच कारण होतं आणि ते पिशवीत, गुंडाळीखाली होतं.

"काय करायचं असते?" त्यानं विचारलं.

"मोबाइल सुरू ठेवायचा, आवाज आन वेळ तो घेते. तारा गेला की 'गेला' म्हना. आला की 'आला' म्हना. बस."

धुरपता म्हणाली की हे त्यांना शिकवायला नको. लाईट गेली आणि आली, एवढंच तर करत आले आजवर. तिघंही हसली. लिलाधर जरा जास्तच हसला.

अंधार पडल्यावर रिंकूनं अंगणात दुर्बीण लावली आणि मृगाच्या तीन ताऱ्यांपासून खाली सरकत तो तारा कसा गाठायचा ते दाखवलं. हाताचं काम लिलाधरला पटकन जमलं. मग त्यानं उजवा डोळा लावला, त्यातल्या त्यात तोच बरा होता. तारा दिसला. बारीक, स्वच्छ, न हलणारा. त्याला इतकं हायसं वाटलं की श्वास सुटला, आणि त्या श्वासासरशी नजर जराशी हलली. तारा नव्हता. काळं आभाळ होतं, त्यात काही कमी आहे असं वाटतसुद्धा नव्हतं. नजर परत आणली, तारा होता. दोन्ही डोळे उघडे असताना एक डोळा दुसऱ्याचं थोडंफार झाकून नेत असे. या नळीला एकच डोळा लागत होता.

"दिसून राहिला ना, बाबा?"

"होव. मस्त दिसते."

दुसऱ्या दिवशी रिंकू दुपारीच सिहोऱ्याला गेली. दिवेलागण झाली तसा लिलाधर दुर्बीण घेऊन पाळीवर येऊन बसला. थंडी चांगलीच पडली होती. मफलर कानावरून घेतला तर फोनचा आवाज येईना, काढला तर कान झोंबत. तलावावर इतवारी डोंग्यात उभा राहून जाळं टाकत होता. त्याच्या बॅटरीचा झोत एकसारखा पाळीवर येत होता, म्हणून लिलाधरनं त्याला हाक मारून ती बंद करायला लावली. इतवारी ढिवर त्याचा लहानपणचा सोबती. बॅटरी बंद करून तो पाळीवर चढून आला आणि ओल्या हातांनी विडी पेटवायला लागला. लिलाधरनं तीही विझवायला लावली.

"कोठी हाय मंग तो गोटा?" इतवारीनं विचारलं.

"तो दिसत नाई."

"मंग पायता काय?"

"तारा."

"आन तारा गेला की म्हनायचं गोटा आला." इतवारीनं थोडा विचार केला. "बरं हाय बा तुमचं. आमी मासा दिसला नाई तं दिसला नाईच म्हनतो."

वेळ जवळ आली तसा फोन टिकटिक करायला लागला. लिलाधरनं डोळा लावला. तारा होता. त्यानं श्वास रोखला, मान आखडून घेतली, दात आवळले. पापणी मिटायची भीती, न मिटावी तर पाणी यायची भीती. सिहोऱ्यात पोरगी असंच एका नळीला डोळा लावून बसली असेल आणि आसगावला बाबा आहेत म्हणून निश्चिंत असेल. काल भुपेंद्र असाच निश्चिंत होता. तो विचार मनात यायला आणि तारा जायला एकच गाठ पडली.

"गेला," लिलाधर म्हणाला.

आपली नजर हलली की तारा विझला, हे कळायला काही मार्ग नव्हता. न बोलावं आणि तो खराच गेला असला तर? त्यानं नजर इकडं आणली, तिकडं नेली. तारा होता. "आला," तो म्हणाला. सगळं झालं असं वाटून त्याला सुटल्यासारखं झालं. पण टिकटिक चालूच होती म्हणून त्यानं डोळा काढला नाही, आणि थोड्या वेळानं तारा पुन्हा गेला. या वेळी कोणी फ्यूज ओढावा तसा गेला.

"गेला," आणि मग, "आला."

दुसरी वेळ वेगळी होती असं त्याला वाटलं. पण ते तेव्हाच वाटलं की घरी जाताना, हे तो छातीवर हात ठेवून सांगू शकला नसता. इतवारीनं विडी पेटवत विचारलं, झालं का तुमच्या मनासारखं. लिलाधरनं दुर्बिणीवर गोधडी घातली आणि होव म्हटलं.

सकाळी रिंकू आली ती जवळजवळ धावतच. रात्रभर झोपली नव्हती आणि चेहऱ्यावर झोप कुठं नव्हती. सिहोरा, भंडारा, पवनी, सगळीकडे तारा एकेकदा विझला होता, ठरल्या वेळी. आसगावलाही त्या वेळी विझला होता. पण आसगावला त्याच्या आधी आणखी एकदा विझला होता. थोडासाच. तिनं सरांना कळवलं, आणि सरांनी तिला तीन वेळा तेच परत विचारलं. त्याचा अर्थ एकच निघू शकत होता. त्या काळ्या दगडाभोवती आणखी एक छोटा दगड फिरत असावा. त्याचा चंद्र.

"बाबा, तुमी चंद्र पाह्यला," ती म्हणाली आणि तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

सरांनी सावध राहायला सांगितलं होतं, आणखी पडताळणी लागेल म्हणाले होते. पण बाहेरच्या देशातल्या लोकांना ते आजच कळवणार होते, आणि खाली नाव रिंकूचं जाणार होतं. हे धुरपतानं अर्धंच ऐकलं आणि पाण्याचा गुंड घेऊन नळावर गेली. ती परत येईस्तोवर आसगावात चंद्र पसरला होता. मधुकरराव सरपंच स्वतः दारात येऊन सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं शालश्रीफळ द्यायचं ठरवून गेले. जाताना एवढंच म्हणाले की चंद्र सापडला ते उत्तम झालं, पण चौकातला दिवा महिन्यापासून बंद आहे, तोही सापडला तर पाहा. लोक हसले. लिलाधरही हसला, आणि अर्धा चहा राहिलेला कप त्यानं खाली ठेवला.

तेवढ्यात भुपेंद्रचा फोन आला. दुपारी त्याच खांबावर पुढचा जंपर, दोन तारा जोडणारा तुकडा, बदलायचा होता, परवानगी मिळाली होती. भाऊ, तुम्ही आले की हँडल ओढू, तुम्ही पाहा, मी चढतो, असं तो म्हणाला. लिलाधरनं येतो म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा आतल्या खोलीत कोणीतरी बोलत होतं. "गेला," तो माणूस म्हणाला. मग टिकटिक. "आला." ठाम, संथ आवाज, अनुभवी माणसाचा. घाई नाही, कापरं नाही. ऐकणाऱ्यानं डोळे मिटून जीव टाकावा असा. रिंकू लॅपटॉपवर कालचं रेकॉर्डिंग ऐकत होती.

लिलाधर दारात उभा राहून ऐकत राहिला. आपला आवाज असा लागतो हे त्याला माहीतच नव्हतं. काही म्हणजे काही खात्री नसताना, तोंडातून हा आवाज निघाला होता. आणि याच आवाजात परवा तो 'बंद हाय' म्हणाला होता. त्याला भुपेंद्रचे तळहात आठवले, उलटेपालटे होणारे. त्याला भीती वाटली, आणि ती नोकरीची नव्हती. ती त्या आवाजाची होती.

"रिंकू," तो म्हणाला, "ते पयलं 'गेला' खोडून टाक."

तिला वाटलं बाबा नम्रपणा करत आहेत. ती हसून काहीतरी बोलायला लागली. तो बाहेर गेला, खुंटीवरची पिशवी काढून आणली आणि फ्यूजतारेच्या गुंडाळीखालची बाटली तिच्या लॅपटॉपशेजारी ठेवली. मग सगळं सांगितलं. पातं सांगितलं, दांडा सांगितला, अंगणातलं 'मस्त दिसते' सांगितलं. धुरपता लाखोरीची भाजी निवडत होती, ती हातातली जुडी तशीच घेऊन उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

रिंकू बराच वेळ बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत बसली. नंतर ती उठली, खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसली आणि म्हणाली, डावा डोळा झाका. माझ्या नाकाकडे पाहा, नाक सोडू नका. तिनं तर्जनी उभी धरली आणि त्याच्या उजव्या बाजूनं हळूहळू आत आणायला लागली.

"दिसते?"

"होव."

बोट सरकत राहिलं. तिचे डोळे त्याच्या बुबुळावर खिळले होते.

"गेलं," लिलाधर म्हणाला. कालचाच आवाज.

तिनं बोट पुढं नेलं. आणखी पुढं. आता येईल, आता येईल, असं तिच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसत होतं की त्याला खोटंच 'आलं' म्हणून टाकावंसं वाटलं. तो गप्प राहिला. बोट जवळजवळ तिच्या नाकापाशी आलं.

"आलं."

तिनं पुन्हा केलं, आणि पुन्हा. वरून, खालून. दर वेळी गेलं आणि आलं यांच्यामध्ये बोट खूप चाललं. रिंकूला आधी चंद्र गेल्याचं दुःख झालं आणि त्यामागून बापाच्या डोळ्याचं. हा क्रम तिला पुढं कित्येक दिवस टोचत राहिला. पण तेव्हा तिनं फक्त हात खाली घेतला. धुरपता म्हणाली, "अजी, मले तरी सांगायचं," आणि आत जाऊन तिनं कोपऱ्याकडे तोंड करून डोळे पुसले.

सरांना फोन करायला रिंकू अंगणात गेली. लिलाधरला खिडकीतून तिची पाठ दिसत होती. ती फार कमी बोलत होती, मान हलवत होती. परत आली तेव्हा तिनं सांगितलं की चंद्राचं थांबवलं. सर रागावले नाहीत. वडिलांना लवकर मोठ्या दवाखान्यात दाखव म्हणाले.

"दुसरा खरा होता," लिलाधर म्हणाला. "तो तं साऱ्याईशी जुळते ना?"

"जुळते, बाबा. पन आता आसगावचं पूर्नच काढा लागते. खरं असलं तरी."

त्याला ते लागलं. दुसरा खरा होता, फ्यूज ओढावा तसा होता, एवढं तरी राहावं असं त्याला फार वाटत होतं. पण त्यानं मान डोलावली.

"बराबर हाय," तो म्हणाला. "टेस्टर एकदा खोटा बोलला तं आमी तो फेकतोच. मंग तो किती का खरा बोलेना."

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर ओळी होत्या, सिहोऱ्याची, भंडाऱ्याची, पवनीची, आणि त्यांच्या टोकांवरून फिरणारी एक वाकडीतिकडी रेघ. दगड वांग्यासारखा होता, एका बाजूला फुगलेला. आसगावची ओळ तिनं पुसली तेव्हा वांग्याच्या पोटात रिकामी जागा राहिली. आकार मात्र मोडला नाही. बघ, तुझ्यावाचून अडलं नाही, असं तो स्वतःलाच मनात म्हणाला, आणि ते त्याला बरंही वाटलं आणि वाईटही.

दुपारी तो खांबापाशी गेला. वाटेत ऑफिसातल्या साहेबांना फोन करून डोळ्यांचं सांगून झालं होतं. प्रत्यक्ष येऊन भेटा म्हणाले, पुढं सबस्टेशनवर बसवतील की आणखी काही, ते त्यांनाही माहीत नव्हतं. भुपेंद्रनं तो आलेला पाहून हँडल ओढलं. लिलाधरनं त्याला उभ्याउभ्या सांगितलं, थोडक्यात आणि काही न लपवता. परवा ऊन पाठीमागं होतं, हेही सांगितलं. भुपेंद्रनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा परवा जिथं बसला होता त्या चिखलाकडं. लिलाधरला त्याच्या शिव्या चालल्या असत्या.

"वर पाह्य," लिलाधर म्हणाला. "एकेक सांग."

भुपेंद्रनं मान वर केली. "पयलं उघडं. दुसरं उघडं." तो थांबला, एक पाऊल बाजूला सरकला, पुन्हा पाहिलं. "तिसरं उघडं हाय."

मग न सांगता त्यानं दांडा लावला. काही झालं नाही. तलावाकडून इतवारीचं जाळं पाण्यावर पडल्याचा आवाज आला. लिलाधरनं हँडलला कुलूप घातलं. किल्ली आजवर तो स्वतःच्या खिशात ठेवत असे, ती त्यानं भुपेंद्रच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि वरचं बटण लावून दिलं. भुपेंद्रनं चपला काढल्या, पट्टा आवळला आणि सवयीनं थांबला.

"चढू, भाऊ?"

"मले नको इचारू. तूच म्हन."

भुपेंद्रनं दांड्याकडं पाहिलं. "बंद हाय," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला. त्यानं वर एकदा पाहिलं आणि मग चढायला लागला.

लिलाधरनं वर पाहिलं नाही. कुलूप घातलेलं हँडल त्यानं तरीही दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. खांबाच्या बुडाशी भुपेंद्रच्या चपला होत्या, एक सरळ आणि एक जराशी तिरकी, आणि त्या त्याला नीट दिसत होत्या. त्या चपलांत पाय परत येईपर्यंत त्यानं हँडल सोडलं नाही.